देवजीकाकाचं वंगण

देवजीकाका कुणाला नमस्कार करत नाही. समोर आलेल्या माणसाच्या कोपराला तो उजव्या हाताची उलटी बाजू लावतो, क्षणभर डोळे मिटतो आणि म्हणतो, "गार हाय. जाऊ दे." मग तुम्ही जायचं. जव्हारच्या बाजारात एका बँकेच्या साहेबालाही त्यानं असंच तपासलं होतं. साहेब दचकून मागे सरला, तर काका म्हणाला, "तू जरा तापलास. सावलीला बस." पाड्यांवरच्या जुन्या माणसांसारखा तो सगळ्यांनाच अरे-तुरे करतो. मलाही करतो, मी शाळामास्तर असून.

ही खोड रेल्वेतली. कल्याणकडच्या एका यार्डात हा माणूस बत्तीस वर्षं मालडब्यांच्या धुऱ्यांना तेल पाजत होता. पाजणं हा शब्द त्याचाच. जुन्या डब्यांना प्रत्येक चाकाबाहेर, धुऱ्याच्या टोकाशी, झाकणाची एक लोखंडी पेटी असते. आत धुऱ्यावर पितळेचा अर्धगोल टेकलेला आणि खाली तेलात भिजलेला लोकरीचा चोथा. चोथा सुकला की पितळ तापतं, धूर निघतो आणि गाडी माळावर अडकून पडते. म्हणून गाडी आली रे आली की काका पेटीपेटीला उलटा हात लावत पळायचा. "तळहात खोटा बोलतो," तो सांगतो. "त्याची कातडी मेलेली आसते."

पुढं बंद पेटीतली रोलर बेरिंगं आली आणि काकाचं मन नोकरीवरून उडालं. "त्याला तहान लागली तं तो सांगंल कोणाला?" असं तो अजून विचारतो.

आता आमच्या जव्हार-मोखाड्यात रेल्वे नाही. रूळ बघायचा तर घाट उतरून कसाऱ्याला जावं लागतं. त्यामुळे निवृत्तीनंतर काकानं पिठाच्या गिरणीवर, ट्रॅक्टरवर आणि मोखाड्याला जाणाऱ्या जीपगाड्यांवर हात ठेवत कशीबशी वर्षं काढली. जीपवाले त्याला पाहिलं की गाडी पुढं काढायचे. मग शिरपामाळच्या रस्त्याला एका शेठनं चहाचं हॉटेल टाकलं आणि पर्यटकांनी फोटो काढावेत म्हणून भंगारातून मालगाडीच्या गार्डाचा जुना डबा आणून चाळीस पावलांच्या रुळावर उभा केला. दुसऱ्या दिवशी काका तेलाची झारी घेऊन हजर!

"काका, हिला कुठं जायचंय?" शेठनं विचारलं.

"उभ्या गाडीलाच जास्त बघावं लागतं," काका म्हणाला.

तेव्हापासून दर शनिवारी तो चारही पेट्या उघडायचा, चोथा हलवायचा, तेल ओतायचा आणि धुऱ्याशी कायतरी पुटपुटायचा. झाकणांच्या बिजागऱ्यांना मात्र घरचं खुरासणीचं, म्हणजे कारळ्याचं, तेल. त्या डब्याला कायम चटणीचा वास येई आणि माणसं चहाबरोबर भजी मागवत. शेठची तक्रार नव्हती.

यंदा दसरा झाल्यावर शेठनं ठरवलं की चाकं सिमेंटात बसवायची. डब्यावर पोरं चढतात, उद्या कुणाचा पाय सापडला तर? मंगळवारी गवंडी येणार होता. शेठचं चुकत नव्हतं, पण काकाचा चेहरा उतरला. "मंगळवारच्या आत गाडी एकदा चालाया पायजे," तो मला म्हणाला. का, ते सांगेना. शेठ म्हणाला, "चालवा की. पण मंगळवारी सिमेंट पडणार."

आणि नेमका त्या शनिवारी घोळ झाला. दर शनिवारी एक म्हातारा चाकापुढं बसून तेल वाहतो, हे बाजाराला जाणाऱ्या बाया बघत होत्या. शनिवार, तेल आणि पुटपुटणं! एवढ्यावरून देव ओळखायला आमच्याकडं वेळ लागत नाही. काका घरी गेल्यावर त्यांनी पेट्यांना शेंदूर फासला, नारळ फोडला आणि देवाचं तोंड समजून झाकणं उघडून आत मूठमूठ तांदूळ घातले.

धुऱ्यावर चढलेला एक दाणा पितळ खरवडायला पुरतो. रविवारी सकाळी काकानं झाकण उघडलं आणि मटकन खालीच बसला. मला वाटलं, आता बायांचा उद्धार होणार. पण तो म्हणाला, "त्यांनी चांगल्या मनानं घातलं रे." मग जॅक लावून, चोथा काढून, डिझेलनं धुऊन तो दिवसभर एकेक दाणा वेचत राहिला. मी चिडलो. या वयात, उद्या-परवा सिमेंटात जाणाऱ्या चाकासाठी, कशाला? नवा चोथा तेलात बुडवून तो बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसा पेटीत बसवत होता.

सोमवारी सकाळी धुकं इतकं दाट होतं की डबा ढगात उभा केल्यासारखा वाटत होता. उतारावरची खुरासणी पिवळी फुललेली, तीही मधूनच दिसे आणि विरे. एक जीप थांबली. काकानं आतून आपल्या बायकोला, सकरीकाकूला, अलगद उचलून उतरवलं. काकूचे गुडघे कधीचे गेलेत. ती उंबऱ्याबाहेर पडत नाही. आज ती नवं लुगडं नेसली होती. काकानं तिला डब्यात खिडकीशी बसवलं.

खाली येऊन तो माझ्याकडं न बघता बोलला. "दर साली रेल्वेचा दोघांचा फुकट पास मिळं. ती म्हने, एकदा ने. मी म्हनं, पुढल्या साली. सुट्टी मिळं ती लावनीला, मंग शेत कोन बघंल? आन मंग तिचं पायच गेलं."

मी डब्याला खांदा लावला. काकानं चाकाखाली पहार घातली आणि दाबली. चाक हललं नाही. दुसऱ्यांदा दाबली तेव्हा कण्हल्यासारखा आवाज आला, आणि तिसऱ्यांदा डबा सरकला. मी, जीपवाला आणि हॉटेलातून धावत आलेला शेठ, तिघांनी रेटा दिला. चाकं आवाज न करता फिरू लागली. काका पेटीला हात लावून बरोबर चालत होता.

"तू खाली काय करतोस?" काकू खिडकीतून ओरडली. "वर ये. मी काय एकली चाललेय?"

काका थबकला. यार्डात त्यानं हजारो डबे रवाना केले होते. सुट्टीवर येतानाही गाडीत शेजारची जागा परक्याचीच असे. आम्ही त्याला वर चढवलं. तो काकूशेजारी अंग चोरून बसला.

रूळ संपले की आम्ही डबा मागं ढकलायचो, मग पुन्हा पुढं. बाहेर नुसतं धुकं. "आता कंचा गाव आला?" काकूनं विचारलं. आणि काका सुट्टीवर घरी यायच्या वाटेवरची स्टेशनं तिला एकेक करून सांगू लागला. टिटवाळा आला. वासिंद आला. आसनगाव गेला बग. त्याचं प्रत्येक स्टेशन चाळीस पावलांचं होतं आणि आम्ही घामाघूम झालो होतो. शेठ धापा टाकत माझ्या कानाशी पुटपुटला, "मास्तर, अजून किती?"

"कसाऱ्यापर्यंत," मी म्हणालो, आणि आम्ही पुन्हा खांदे लावले.