नाकावरची नळी आणि दीपेशचं लग्न

घशाचं ऑपरेशन झालं, जखम भरली आणि अमृतभाई पुन्हा घोरायला लागले. फरक एवढाच, की आता जरा सूर लागला होता.

डहाणूचे डॉक्टर म्हणाले, "झोपेत श्वास अडकणं थांबलेलं नाही. आता हे हवेचं मशीन. मास्क लावल्याशिवाय दुपारची डुलकीसुद्धा नको."

"मी काय वाडीतला पंप आहे, पाइप लावून झोपायला?" म्हणत भाईंनी मशीन कपाटावर टाकलं.

इकडे विनिताबाईंच्या जिवाला घोर. नवऱ्याचा श्वास अडकला, की त्या कोपर मारून तो सुरू करायच्या. शेवटी एका दुपारी वैतागून त्यांनी भाईंच्या तोंडावर मास्क चढवलाच. आणि काय नवल! भाई चिडीचूप झोपले.

तेवढ्यात शेजारच्या हिरकणीकाकी कढीपत्ता मागायला आल्या. बघतात तर नाकाला नळी, आणि घोरणं बंद! जिवंतपणी अमृतभाई न घोरता झोपतील, यावर अख्ख्या नरपड गावात कोण विश्वास ठेवणार?

"अगो बाय! भाई ऑक्सिजनवर गेले!" काकी ओरडतच सुटल्या.

संध्याकाळपर्यंत ओटा माणसांनी भरला. कोणी शहाळी आणली, कोणी तर भाईंसारख्या चिकूच्या बागायतदाराला चिकूच आणले. तलासरीहून जतीनभाईही धावत आले. त्यांची लेक दिशा भाईंच्या मुलासाठी, दीपेशसाठी मागितली होती, पण ते वर्षभर नुसते टोलवत होते.

"वहिनी, आता उशीर नको," जतीनभाईंनी डोळे पुसले. "भाईंच्या डोळ्यांदेखत होऊन जाऊ दे. याच महिन्यात!"

आवाजानं भाई जागे झाले. "अरे, मला काय धाड भरलीय?" म्हणत त्यांनी मास्कला हात घातला. विनिताबाईंनी तो हात घट्ट दाबला.

"पडून राहा. पोराचं लग्न करायचंय ना?"

भाई पडून राहिले. महिनाभर रोज मास्क लावून, पाहुणे असोत नसोत.

लग्नात मात्र त्यांनी वरातीपुढे असा नाच केला, की जतीनभाई बघतच राहिले. "वहिनी, हे तर ठणठणीत!"

"झोप पुरी होते ना आता त्यांची!"

विनिताबाईंना आता वेगळीच धास्ती. लग्न उरकलं, मशीन परत कपाटावर जाणार. एवढ्यात घामाघूम भाई आले. "अगं, माझा मास्क कुठंय? जरा पडतो."

त्यांनी खोलीत मास्क चढवला आणि गुपचूप झोपले. शेजारच्या गादीवर दमलेले जतीनभाई आडवे झाले, आणि असे घोरायला लागले, की बाहेर बँडवाल्यानं ढोल थांबवून कान दिला.

विनिताबाईंनी विहीणबाईंना हळूच बाजूला घेतलं. "डॉक्टरांचा नंबर लिहून घेताय का?"