गादी वेगळी, आधार वेगळा

माझी इंदूआत्या बुटाची किंमत गणपतीत सांगते. रुपये तिला कळत नाहीत असं मुळीच नाही. पेणजवळ जोह्याला तिचा स्वतःचा गणपतीचा कारखाना आहे आणि भाव करताना मुंबईचे भलेभले व्यापारी तिच्यापुढे घाम पुसतात. पण पळायचा बूट हातात आला की ती तो उलटसुलट करते आणि म्हणते, "हा म्हणजे एक दीडफुटी बसका. नि तो निळा दिसतोय ना, तो म्हणजे नऊइंची चार. चार-चार गणपती मी पायात घालू काय गो?" आणि आपण काय बोललो ते ध्यानात आलं की लगेच दोन्ही कानांच्या पाळ्या धरते.

साठी उलटलेली बाई. उभ्या जन्मात कधी पळालेली नाही, एसटी पकडायलासुद्धा नाही. एसटीच तिच्यासाठी थांबते. अशा बाईला पळायच्या बुटांचं वेड लागलं, आणि त्याला कारण मी झाले.

मी पेणला असते, एका पतसंस्थेत नोकरी करते. डॉक्टरांनी साखरेची भीती घातली म्हणून सकाळची पळायला लागले आणि त्यासाठी घसघशीत पैसे मोजून बूट मागवले. असे मऊ, की पाय घातला की आपोआप 'अहाहा' निघावं. ते मिरवायला मी जोह्याला गेले. आत्या शाडूत कोपरापर्यंत बुडालेली. हात पुसून तिने बूट घेतला आणि टाचेत अंगठा रुतवला. नाक मुरडलं.

"मऊ हाय."

"मऊच पाहिजे आत्या. गुडघ्याला दणका बसत नाही."

"गादी वेगळी गो, नि आधार वेगळा. गादी झोपायला. चालायला आधार लागतो." असं म्हणून तिने बुटाला दोन टोकांनी धरलं आणि ओलं फडकं पिळावं तसं पिळलं. माझा घसघशीत बूट गुमान पिळला गेला! मग तिने जमिनीवर शाडूचा गोळा थापला आणि मला त्यावर उभं केलं. पायाचा ठसा बघून म्हणाली, "आत पडतोय पाय. आपल्या घराण्याचाच पाय हाय. माझा बी असाच."

तेव्हापासून पेणमधल्या बुटांच्या दुकानदारांचे दिवस फिरले. आत्या आत शिरायची, ओळीने बूट मांडायला लावायची. अंगठ्याने टाच दाबायची, मागची कड चिमटीत धरून बघायची, मधोमध वाकवायची, पिळायची. तिची काही मतं तर अगदी अचाट होती. वरच्या जाळीतून पायाची ताकद निघून जाते म्हणायची. पांढरा बूट काळ्यापेक्षा जड असतो, यावर एका दुकानात वजनकाटा मागवला गेला आणि आत्या हरली. हरली म्हणून गप्प बसेल तर ती आत्या कसली! "काटा खराब हाय," म्हणाली आणि पुढच्या दुकानात गेली.

गावात बोभाटा झाला की इंदू आता शर्यतीत धावणार. मला मात्र ठाऊक होतं तिच्या मनात काय आहे, आणि तुम्हालाही सांगून टाकते, नाहीतर तुम्ही तिला नुसती तऱ्हेवाईक समजाल.

माझे आतोबा, म्हणजे तिचे यजमान, गणपतीचे डोळे आखतात. आमच्याकडे मूर्ती कितीही सुंदर घडो, रंगो, डोळे आखेपर्यंत तो माल असतो. कारखान्यात लोक त्याच्या शेजारी चपला घालून वावरतात, त्याच्या मांडीवर जेवणाचा डबा ठेवतात. डोळे आखले की तो देव. मग चपला दाराबाहेर आणि आवाज खाली. दर वर्षी पहिल्या मोठ्या मूर्तीचे डोळे आतोबांनीच आखायचे, हा लग्नापासूनचा रिवाज. आणि गेल्या वर्षी त्यांना झटका आला. उजवा हात शाबूत राहिला, पण डावं अंग लुळं पडलं.

घर आणि कारखाना यांच्यामध्ये भाताचं शेत आहे. जायचं तर बांधावरून, निसरड्या चिखलातून. काठी रुतते, चाकाची खुर्ची अडकते. माणसांनी खुर्चीवर बसवून नेतो म्हटलं तर आतोबा भडकले, "मी काय मूर्ती हाय उचलून न्यायला?" मी सुचवलं, मूर्तीच घरी आणू. त्यावर आत्या माझ्यावर भडकली. "घरी आणली की हे कायमचे घरचेच झाले. कारखान्यात आलं पायजे त्यांनी." गेल्या वर्षी पहिल्या मूर्तीचे डोळे दुसऱ्याने आखले. आत्या त्या दिवशी कारखान्याकडे फिरकली नाही, आणि आतोबा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. या वर्षी तिने निश्चय केला होता, मोठ्या मूर्तीचे डोळे हेच आखतील, नाहीतर ती आंधळीच राहील. व्यापाऱ्याचा टेम्पो आषाढात यायचा होता. म्हणजे हे बूट आतोबांसाठी, असं मी धरून चालले होते.

पेणची दुकानं संपली तेव्हा आत्या म्हणाली, "रोह्याला जाऊ." आणि एसटी स्टँडवर आली ती खांद्याला गणपती बांधून!

सोंड दुखावलेला, रंग न दिलेला, डोळे नसलेला पांढराफटक गणपती. पोकळीत वाळू भरून जड केलेला. जुन्या लुगड्याने उजव्या खांद्याला करकचून बांधलेला, त्यामुळे आत्या एका अंगाला कलली होती.

"अगं आत्या, हे काय?"

"वजन नको? रिकाम्या अंगाने काय, कुठला बी बूट चांगलाच लागतो."

"मग डोक्यावर घे ना सरळ."

"डोक्यावर नको. एकाच अंगावर पायजे." असं म्हणून ती एसटीकडे चालायला लागली. मीही म्हटलं, जाऊ दे, हिच्या नादी कोण लागतो.

पेणचे दुकानदार आत्याला ओळखतात, तिथे हा प्रकार खपून गेला असता. रोह्यात तिला कोण ओळखतंय? दुकानात आम्ही पाऊल टाकलं आणि आतले सगळे जण एकदम उभे राहिले. एका आजोबांनी चपला काढल्या. ते बघून दुसऱ्यांनी काढल्या. एक गृहस्थ एका पायात नवा बूट घालून बसले होते, त्यांनी तोही घाईघाईने उतरवला. क्षणभरात बुटांच्या दुकानात एकाच्याही पायात काही नाही! शेठ म्हणजे जाड चष्म्याचे, भले गृहस्थ. ते गल्ल्यामागून अनवाणी धावत आले, उदबत्ती घेऊनच.

"ताई, बसा, बसा. देवाला इथे ठेवा."

"देव नाय ओ शेठ, माल हाय. ह्याला डोळे हायत काय? बघा बरं."

शेठ वाकले, बघितलं, आणि डोळे नाहीत हे दिसल्यावर आणखीच घाबरले. "ताई, मी देवासमोर गिऱ्हाइकाच्या पायात बूट कसा चढवू?"

आता काही तरी करायला हवं म्हणून मी पुढे झाले आणि माझ्या ओढणीने गणपतीचं तोंड झाकलं. दिसला नाही म्हणजे प्रश्न मिटला, असा माझा शहाणपणा. आपल्याकडे तोंड झाकलेला गणपती म्हणजे वाजतगाजत घरी चाललेला गणपती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मागून कोणीतरी खणखणीत "मोरया!" केलं आणि अख्ख्या दुकानाने साथ दिली. आत्याने माझ्याकडे जे बघितलं ते मी जन्मात विसरणार नाही.

पण त्या शेठजींना मी मानते. भीती गिळून ते खाली बसले, आत्याची चाल बघितली आणि म्हणाले, "ताई, तुमचा पाय आतल्या अंगाला कोसळतो. तुम्हाला मऊ बूट नको. आतल्या बाजूला घट्ट फोम असतो, टाचेला कडक वाटी असते, तसला बूट देतो." आत्याचा चेहरा उजळला. इतकी दुकानं फिरल्यावर तिच्या आधाराला नाव देणारा माणूस भेटला होता.

त्यांनी तीन जोड काढले. पहिला महागाचा. आत्याच्या हिशेबात तीन दीडफुटी. आधार होता, पण त्यावर गादीचा थर एवढा, की गणपतीच्या वजनाने टाच डगमगत होती. दुसरा स्वस्त, दोन नऊइंची. आधार म्हणजे नुसता दगड, आणि तळ एवढा गुळगुळीत, की आत्या म्हणाली, "हा तर बांधावरून थेट शेतात नेऊन सोडंल." तिसरा मधला, केशरी रंगाचा. तो घालून ती दुकानात दोन फेऱ्या फिरली, आणि मग "जरा लांब चालून बघते," म्हणून सरळ रस्त्यावर!

कुंडलिका नदीच्या पुलावरून पलीकडच्या अष्टमी गावाच्या दिशेने आत्या चाललीय, खांद्यावर तोंड झाकलेला गणपती, पायात पैसे न दिलेले केशरी बूट. मागे बूट जातील म्हणून अनवाणी शेठ, हातात अजून उदबत्ती. त्यांच्या मागे मी, आणि आमच्या मागे "कुठला हो गणपती?" विचारत जमलेले लोक. एका रिक्षावाल्याने रिक्षा थांबवून नमस्कार केला. मला हसू आवरत नव्हतं आणि लाजही वाटत होती. पण आत्या कोणाकडे बघतच नव्हती. तिची नजर खाली, स्वतःच्या उजव्या पायावर. पुलाच्या मध्यावर ती थांबली, सगळं वजन त्या पायावर टाकलं, आणि पाय आत वळला नाही. तिने परत टाकलं. परत नाही वळला.

"हाच," ती म्हणाली.

दुकानात शेठ माप विचारायला लागले. मी म्हटलं, "आत्या, आतोबांचा पाय तुझ्यापेक्षा मोठा आहे."

"त्यांना कशाला? ते अनवाणीच येतील. कारखान्यात ते कधी काय घालून आलेत?" आणि तिने पायातलाच जोड बांधायला दिला.

परतीच्या एसटीत गणपती खिडकीशी बसला आणि आत्या बोलायला लागली. झटक्यानंतर जरा बरं वाटल्यावर तिने आतोबांना एकदा बांधावर नेलं होतं. त्यांची डावी बाजू हिच्या उजव्या खांद्यावर. अर्ध्यात आले आणि हिचा पाय आत मुडपला. दोघंही शेतात. त्यांना काही झालं नाही, हिचं कोपर सुजलं. त्या दिवसापासून आतोबा पायरी उतरले नव्हते.

"सगळे म्हणतात ते पडायला भितात. पडायला नाय भीत गो ते," आत्या म्हणाली. "मला पाडायला भितात."

म्हणजे आज दिवसभर ही बाई खांद्यावर गणपती नाही, आपला नवरा तोलून बघत होती. खिडकीतल्या त्या पांढऱ्या गणपतीला मी हात जोडले, डोळे असोत वा नसोत.

त्या आठवड्यात मी रजा टाकून जोह्याला गेले. आतोबा ओटीवर बसले होते. आत्या लुगडं वर खोचून, केशरी बूट घालून समोर उभी राहिली.

"ह्ये काय?" आतोबा म्हणाले.

"बूट. माझे."

त्यांनी बराच वेळ तिच्या पायांकडे बघितलं. "चाल बघू."

ती वाळूचा गणपती खांद्याला बांधून ओल्या अंगणात चालली. गेली, वळली, परत आली. आतोबा फक्त टाचा बघत होते. मूर्तीचे डोळे आखण्याआधी बघतात तसे, एक डोळा बारीक करून. मग म्हणाले, "त्याला उतरव खाली," आणि उजव्या हाताने खांब धरून उठले.

बांधावर मी त्यांच्या मागे होते. जिथे पडले होते ती जागा मला कोणी सांगायला नको होती. दोघंही तिथे थांबले. आतोबांचं सगळं अंग आत्यावर आलं. केशरी बूट चिखलात रुतला आणि तसाच सरळ उभा राहिला. मी देवाचं नाव घेत होते, आणि आत्या म्हणत होती, "टाका, वजन टाका. कोनासाठी राखून ठेवताव?"

कारखान्यातले सगळे हातातलं काम टाकून उभे होते. आतोबांना स्टुलावर बसवलं. आत्या बूट घालूनच शेजारी उभी राहिली, मूर्ती अजून माल होती ना! त्यांनी कुंचला घेतला. मूर्तीच्या चेहऱ्याजवळ नेला. एक डोळा झाला. मग दुसरा.

आत्या लगेच खाली वाकली, बुटांच्या नाड्या सोडल्या आणि ते दाराबाहेर नेऊन ठेवले. अनवाणी परत येऊन तिने हात जोडले. आम्ही सगळ्यांनी जोडले. ती रडत होती आणि रडतेय हे लपवतही नव्हती.

आतोबांनी कुंचला धुतला, फडक्याला पुसला, जागेवर ठेवला. मग तिच्या उघड्या पायांकडे बघून म्हणाले, "बूट घाल गो इंदू, घरी जायचंय. नि उद्या परत यायचंय."