हैदराबादच्या देवाची काठी

"येत्या बेस्तरवारी, दिवेलागणीला, पालीच्या येशीत हैदराबाद बोलवून दाखवतो! न्हाई बोलवलं तर उत्तरेश्वर नाव लावणार न्हाई!"

युसूफ वडगावच्या भर बाजारात, लॉरीच्या टपावर उभं राहून उत्तरेश्वरनं ही घोषणा केली. कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. नाव टाकायची पैज त्यानं इतक्यांदा लावली होती आणि इतक्यांदा हरली होती, की रीतसर बघायला गेलं तर तो केव्हाचाच बिननावाचा झाला होता.

टपाखाली बैलांना वैरण टाकत असलेला शहादेव तेवढा म्हणाला, "खाली उतर बे. पत्रा दबाया लागलाय."

लॉरीला बैल कशाला, असं तुम्ही विचाराल. त्याचं असं झालं. उत्तरेश्वर एका ठेकेदाराकडं लॉरी चालवायचा. ठेकेदार धंदा आवरून मुलुख सोडून गेला, जाताना म्हातारी लॉरी उत्तरेश्वरच्या पदरात टाकून गेला. उत्तरेश्वरनं तिच्या पाठीवर फळ्यांच्या भिंती उभ्या केल्या, वर पत्रा ठोकला, आत चूल मांडली, बाज टाकली, एक खिडकी काढली आणि कडीकोयंड्याचं दार बसवलं. चाकांवरचं घर! निजाम सरकारच्या उभ्या मुलखात दुसरं नव्हतं. आणि मग मोमिनाबादच्या घड्याळवाल्याकडं एक बॅटरीवरचा रेडिओ त्यानं बघितला. घड्याळवाल्याला पिठाच्या गिरणीसाठी इंजीन हवं होतं. उत्तरेश्वरनं इंजीन काढून दिलं आणि रेडिओ घेतला.

"चालती होती ती बोलती केली," शहादेव म्हणाला, आणि गपगुमान आपले बैल आणून जुंपले. मित्र म्हणजे असा असतो. वेड्यात काढतो, पण बैल देतो.

हा सगळा खटाटोप भामाबाईसाठी होता.

भामाबाई म्हणजे उत्तरेश्वरची बायको. दिवाळीला पालीला माहेरी गेली ती आलीच नाही. जाताना भांडली नाही, रडली नाही. फक्त म्हणाली, "अवं, तुमच्या तोंडात सात वाडे हायत. मला एक दार पायजे, आतून कडी लावायला. घावलं की या न्यायला." उत्तरेश्वरनं दार केलं. सांगावा धाडला. उलटा सांगावा आला: "दार बघितलं की बोलू. पर आदी माज्या सिदूचा आवाज ऐकवा."

सिदू हा तिचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर भामाबाईनंच वाढवलेला, तिच्याच पदराला धरून शेरडांमागं हिंडलेला. बकऱ्या विकायला हैदराबादला गेला आणि तिकडंच राहिला. बाजारातला व्यापारी सांगत आला, की सिदू रेडिओत लागलाय. गातो? नाही. बोलतो? नाही. नाटकात बकरी होतो! नाटकात कुठं बकरी लागली की सिदू तिकडच्या माईकच्या पेटीसमोर उभा राहतो आणि ओरडतो. आणि ह्या बेस्तरवारच्या नाटकात बकरीचं काम लई मोठं होतं म्हणे, कारण नाटकात तीच हरवते.

हे भामाबाईनं पालीत ऐकलं. भावाच्या आवाजाला तिचे कान भुकेलेले. आणि भामाबाईच्या आवाजाला उत्तरेश्वरचे. ती पहाटे उखळात कांडायची तेव्हा मुसळाच्या ठेक्यावर काहीबाही गुणगुणायची. आता उखळ गप होतं. त्या घरात एकटा उत्तरेश्वर बोलायचा, आणि ऐकायलाही तोच असायचा.

पण रेडिओ नुसता आणून भागत नाही, त्याला एरियल लागते. घड्याळवाल्यानं निघताना तीन गोष्टी बजावल्या होत्या : "देखो मियाँ, तार ऊंची, मिट्टी गीली, और मुंह बंद! तार पत्र्याला लागू द्यायची न्हाई, मधी काच ठिवायची. पेटीची दुसरी तार ओल्या मातीत. आन वाजताना बोलायचं न्हाई."

पहिल्या दोन गोष्टी जमतील, असं उत्तरेश्वरला वाटलं.

आधी त्यानं तार पत्र्यावरच पसरली. पत्र्यानं सगळं हैदराबाद गिळलं आणि ढेकरसुद्धा दिला नाही. मग उलटी छत्री टपाला बांधली. त्यात कावळा बसला. आवाज आला, पण तो कावळ्याचा, आणि बाहेरून! मग तार बैलांच्या शिंगांना गुंडाळली. पाखऱ्या बैलानं मान हलवली की कव्वाली यायची, थांबवली की जायची. कव्वाली ऐकावी म्हणून उत्तरेश्वर बैलाच्या कानावर माशा सोडायला लागला, तेव्हा शहादेवनं शिंगं सोडवून घेतली.

"बांबू लाव की बे सरळ," तो म्हणाला.

बांबू लावला. चांगला उंच, वेशीच्या कमानीच्या वर जाणारा. पत्र्याला भोक पाडून आत घेतला. आता त्याचा बुडखा रोवायचा कशात? भामाबाईचं दगडी उखळ होतं. बुडखा त्यात असा बसला, जणू उखळ बांबूसाठीच घडवलेलं. तार बांबूला धरून वर न्यायची, तर मधी काच पाहिजे. घरात काच कसली? पेटीत हिरव्या बांगड्या होत्या. केजच्या बाजारातून दिवाळीसाठी उत्तरेश्वरनंच आणलेल्या, भामाबाईनं हातात न घालता ठेवून दिलेल्या. त्यानं एकेक बांगडी बांबूला बांधली आणि तिच्यातून तार ओवली. बांबूच्या टोकाला, झाडात अडकू नये, लांबून दिसावं म्हणून शहादेवनं तांबडं फडकं बांधलं. आणि माती ओली राहावी म्हणून गाडीखाली एक भोकाचं मडकं टांगलं. त्यातून थेंब थेंब पाणी गळायचं. ठप. ठप. ठप.

"उतरवून घेऊ का वाटंला?" शहादेवनं विचारलं.

"उतरवायचा? लोकान्ला दिसाया नगं?"

लोकांना दिसलं.

केज ओलांडलं आणि पहिल्याच वस्तीवर एक म्हातारी आडवी आली. हातात पाण्याचा तांब्या. तिनं वर बघितलं. उंच काठी, तांबडं निशाण, हिरवा चुडा, खाली गळतं मडकं, पुढं बैल, आणि मोटार असून आवाज नाही! तिनं बैलांच्या पायांवर पाणी ओतलं आणि डोकं टेकलं.

"कोण्या देवाची काठी म्हणायची, बाबा?"

"देवाची न्हाई मावशे, हैदराबादची हाय."

"हैदराबादचा देव कोणचा?"

शहादेव नेहमीप्रमाणे खरं तेच बोलला. "दिसत न्हाई. पर बोलतो."

म्हातारी घरात पळाली. परतली ती पुरणपोळ्यांची चवड घेऊन. उत्तरेश्वर खुलासा करायला तोंड उघडतच होता, तेवढ्यात तिनं त्यात पोळीचा घास कोंबला. भामाबाई गेल्यापासून पुरणपोळी त्यानं बघितली नव्हती. घास गिळून होईपर्यंत खुलाशाची वेळ टळून गेली. आणि पोळी खाल्ल्यावर देव नाही म्हणायचं कुठल्या तोंडानं?

तिथून पुढं उत्तरेश्वरला बोलावंच लागलं नाही. त्याच्याआधी त्याची कीर्ती चालत होती. नेकनूरला हलगीवाला सामील झाला. पुढच्या गावात आणखी दोन. बायका म्हणायच्या देवी आहे, चुडा बघा की! बापे म्हणायचे बिरोबा आहे, निशाण बघा की! भांडण पेटलं, तेव्हा एका जाणत्यानं निवाडा दिला : "बिरोबाच हाय. बायकुच्या बांगड्या घिऊन निघालाय, रुसल्याली दिसती."

हे ऐकून उत्तरेश्वरला ठसका लागला.

तारेला नवसाचे नारळ टांगले गेले. बांबू वाकायला लागला.

"शहादेव, काठी उतरवू या. तार तुटंल!"

"आता कशी उतरवतो बे? देवाची काठी निघाली की मुक्कामाच्या काठीला भेटल्याबिगर भुईला टेकत न्हाई. मानसं आपल्यालाच टेकवतील."

"मुक्कामाची काठी? पालीत?"

"पालीचा बिरोबा न्हाई ठावं तुला? जावाई हायेस ना तितला?"

बेस्तरवारी सूर्य कलला तेव्हा लॉरी पालीच्या वेशीशी पोचली. मागं एवढी माणसं, की शेवटच्याला आपण कुठं चाललोय हे ठाऊक नव्हतं. आणि समोरून, हलग्यांच्या कडकडाटात, घुंगरांनी लगडलेली पालीची काठी चालून आली! तिच्यापुढं गावच्या लेकी आरतीची ताटं घेऊन. त्यांत भामाबाई.

उत्तरेश्वरनं तिला दिवाळीनंतर पहिल्यांदा बघितलं. वाळली होती. त्याला खूप बोलायचं होतं. तो टपाच्या कडेला येऊन वाकला.

भामाबाईनं काठी ओवाळली. मग वर बघितलं, खाली बघितलं, आणि टपावरच्या देवाच्या पुजाऱ्याकडं बघितलं.

"अगं बाई! तुमी?"

"भामा, दार बघ! कडी आतून हाय! आन सिदू आत हाय, पेटीत! आता बोलंल, ह्याच घडीला बोलंल. पर ह्या हलग्या..."

"मग हा द्येव?"

"द्येव न्हाई गं, एरियल हाय!"

"हळू बोला," भामाबाई म्हणाली. "हाडं मोडतील तुमची."

इकडं काठ्यांची भेट सुरू झाली. रीत अशी, की काठीनं काठीला तीनदा भेटायचं. पहिल्या भेटीला नारळ नारळावर आपटले. दुसऱ्या भेटीला घुंगरं तारेत अडकली. तिसऱ्या भेटीला दोन्ही काठ्यांनी अशी मिठी मारली, की सुटता सुटेनात! "भेट झाली! खरी भेट झाली!" लोक ओरडले. हलग्यांनी कहर केला. उत्तरेश्वर आत पळाला, रेडिओची खुंटी पिळली. पेटीचा दिवा लागला. पण ऐकू येतंय काय? हलगी!

"गप बसा!" तो खिडकीतून ओरडला. "हात जोडतो, गप बसा!" कुणी ऐकेना. दिवेलागण झालेली. हैदराबादेत सिदू पेटीसमोर उभा असेल. घसा खाकरत असेल. भामाबाई पायरीवर ताट घेऊन उभी होती आणि तिचं सगळं तोंड कान झालं होतं. एवढी वाट तुडवून आणलेला आवाज दाराशी येऊन परत चालला होता!

भामाबाईनं ताट खाली ठेवलं. पदर खोचला. ती टपाच्या पायरीवर चढली आणि शेरडं हाकताना घालायची ती आरोळी तिनं घातली. हलग्या आपोआप थांबल्या.

"गप ऱ्हावा समदे! द्येव बोलनार हाय!"

पाली गाव गप झालं. एवढं गप, की मडक्याचा थेंब ऐकू यायला लागला. ठप. ठप.

पेटीतून खरखर आली. मग कुणी उर्दूत रडलं. मग वारा वाहिल्यासारखं काहीतरी. आणि मग लांबून, हैदराबादच्या तिकडून, सगळं तेलंगण ओलांडून, बारीक, हरवलेली, चिडल्यासारखी...

"म्यॅऽऽऽ!"

भामाबाईनं दाराची चौकट धरली. "सिद्या," ती म्हणाली. एवढंच.

लोकांना काय करावं कळेना. देवानं असं बोलावं, याची कुणाची तयारी नव्हती. एकानं हात जोडले, बाकीच्यांनी त्याचं बघून जोडले.

पण खरी ओळख वेगळ्यांनाच पटली. भामाबाईच्या बापाच्या वेशीजवळच्या वाडग्यात सिदूची मागं राहिलेली शेरडं बांधलेली नव्हती, नुसती कोंडलेली होती. तो आवाज ऐकला मात्र, त्यांनी काटेरी झाप पाडला आणि माणसांच्या पायांतून, ताटांवरून, हलग्यांवरून सारा कळप मोटारीवर तुटून पडला! दोन शेरडं टपावर, चार बाजेवर, एक थेट रेडिओवर. सगळी एकदम ओरडायला लागली. पेटीतून सिदू ओरडत होता, आणि त्याची शेरडं त्याला उत्तर देत होती. टपावरच्या बोकडानं नारळाच्या दोऱ्या खाल्ल्या. भार एका अंगाला गेला आणि बांबू उखळातून निसटून, पालीच्या काठीच्या गळ्यात गळा घालून, सावकाश लोकांच्या हातांवर आडवा झाला.

पेटी गप झाली.

भेटलेल्या काठ्या वेगळ्या करायच्या नसतात. दोन्ही वाजतगाजत बिरोबाच्या देवळात गेल्या. तारही गेली. बांगड्या मात्र देवळाच्या रीतीनं ओवाळणाऱ्या लेकीला प्रसाद म्हणून मिळाल्या. भामाबाईनं त्या हातात चढवल्या. एकही घट्ट झाली नाही, एकही सैल झाली नाही.

"बगा, द्येवालाबी माजं माप ठावं हाय," ती म्हणाली.

केजच्या बाजारात अर्धा दिवस घासाघीस करून आणल्या होत्या, हे सांगायला उत्तरेश्वरनं तोंड उघडलं, आणि मिटलं.

भामाबाई नांदायला आली. मोटारीत उखळ बघून ती थोडा वेळ त्याच्यावर हात ठेवून उभी राहिली, मग दार लावून आतून कडी घालून बघितली. बसली बरोबर. फक्त त्या वेळी आत भामाबाई आणि शेरडं होती, आणि उत्तरेश्वर बाहेर. शेरडं काही केल्या उतरेनात. सिदू ह्या पेटीत आहे हे त्यांना पक्कं ठाऊक झालं होतं. त्यामुळं उत्तरेश्वरचा बिछाना लॉरीखाली गेला, मडक्याशेजारी.

पुढचा बेस्तरवार आला. दिवेलागणीला शेरडं उठली, मुक्या पेटीसमोर कान टवकारून उभी राहिली. भामाबाई चुलीपुढून उठली आणि तीही जाऊन उभी राहिली. फळीच्या फटीतून उत्तरेश्वरला तिचे पाय दिसत होते. बराच वेळ ते हलले नाहीत.

त्याला ते बघवेना. त्यानं इकडंतिकडं बघितलं, नरड्याला हात लावला, आणि लॉरीखालून बारीक आवाजात ओरडला, "म्यॅऽऽऽ!"

शेरडांनी ढुंकूनसुद्धा बघितलं नाही.

मग बांगड्या वाजल्या, आणि भामाबाईचा आवाज आला.

"सिद्याची न्हाई ही. ही बकरी लई फुशारकी मारती."

उत्तरेश्वर मेल्याहून मेल्यासारखा झाला.

ठप. ठप.

"...आजून एक डाव वरडा."

तार देवळात होती. माती ओली होती. उत्तरेश्वरनं तोंड उघडलं.