सजावट, नग एक

आमच्या सासरचा धंदा अंधाराचा आहे, हे लग्न ठरवताना मला कोणी स्पष्ट सांगितलं नव्हतं. बायोडेटात ‘हॉटेल व्यवसाय’ असं लिहिलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनवरून रिक्षा करायची लाज वाटावी इतक्या अंतरावर ‘नूतन बार अँड परमिट रूम’ आहे. नूतन म्हणजे माझी नणंद. ती जन्मली त्याच वर्षी सासऱ्यांना लायसन्स मिळालं, म्हणून लक्ष्मीच्या पावलाने आलेल्या लेकीचं नाव पाटीवर चढलं. आणि पाटीवर चढलं म्हणून पुढे तिला बघायला आलेली दोन स्थळं चहा न पिता परत गेली.

सासऱ्यांचं, म्हणजे जनूशेठचं, अंतर्गत सजावटीबाबत एकच धोरण होतं. गिऱ्हाईकाला स्वतःचा ग्लास दिसला पाहिजे, शेजारच्याचं तोंड दिसता कामा नये. या धोरणाखाली शाळेचे एक मास्तर आणि त्यांचा माजी विद्यार्थी कित्येक वर्षं पाठीला पाठ लावून बसले, आणि दोघांचा एकमेकांबद्दलचा आदर शेवटपर्यंत टिकला.

मग उल्हासनगरातल्या एका बारने मासे ठेवले, म्हणून आम्हीही मासे ठेवले. माशांना उजेड लागतो, म्हणून अंधार गेला. उजेडात भिंतींचे पोपडे दिसले, म्हणून पीओपी आलं. पीओपी दवाखान्यासारखं पांढरं दिसायला लागलं, म्हणून त्यात निळे दिवे बसले. निळ्या दिव्यांत चिकन चिली जांभळी दिसायला लागली, म्हणून मेनू बदलला. शेवटी जागा मोठी वाटावी म्हणून समोरासमोर आरसे लावले, आणि एका शनिवारी मास्तरांना आरशात माजी विद्यार्थी दिसला. मास्तर हल्ली वांगणीला जाऊन पितात.

त्यानंतर ‘इंडस्ट्रियल लुक’ आला. पीओपी फोडलं, प्लॅस्टर खरवडून विटा उघड्या केल्या, छताखालून काळे पाइप नेले आणि वायरला नुसते पिवळे बल्ब टांगले. बदलापूरच्या कॉलेजातली मुलं येऊन फोटो काढून गेली. पण आमचं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे एमआयडीसीतले कामगार. पहिल्याच संध्याकाळी सुटलेल्या शिफ्टमधला एक जण दार ढकलून आत आला, पाइप बघितले, विटा बघितल्या आणि कार्ड पंच करायचं मशीन शोधायला लागला. चूक लक्षात आल्यावर तो सरळ घरी गेला. त्याच्या बायकोने म्हणे दुसऱ्या दिवशी आमच्या नावाने नारळ फोडला.

धंदा बसला तेव्हा मी माहेरी होते. माझी लेक जन्मली, तिला घेऊन मी सासरी आले, आणि त्याच दुपारी माझे यजमान कल्पेश भूपेशभाईंना घेऊन आले.

भूपेशभाईंचं उल्हासनगरला फर्निचरचं वर्कशॉप. पूर्वी ते सोफे विकत. आता त्यांच्या कार्डावर ‘थीम कन्सल्टंट’ असं होतं. त्यांनी चहा घेतला, बाळाच्या मुठीत नोट ठेवली आणि निदान सांगितलं. पब्लिक फॅक्टरीला कंटाळली आहे, पब्लिकला आता गाव पाहिजे. शेणाने सारवल्यासारखी दिसणारी टाइल, भिंतीला जातं, खुंटीला कंदील, छताला पितळेचे हंडे. नाव ‘आजीचं माजघर’. हंडेसुद्धा साधे नाहीत. ज्यांच्या गळ्यावर जुन्या बायकांची नावं टोचलेली आहेत असे, भंगारवाल्यांकडून निवडून आणलेले. नाव असलेल्या हंड्याचा रेट जास्त होता.

“आमचं खरंच माजघर होतं,” सासरे म्हणाले. “जमीन बिल्डरला दिली तेव्हा पाडलं. जातंबितं सगळं हातगाडीवाल्याला फुकट दिलं.”

भूपेशभाईंना मनापासून वाईट वाटलं. त्यांच्याकडे अगदी तसंच जातं आहे, डिस्काउंटमध्ये लावतो म्हणाले.

त्या माजघरातली एकच वस्तू माझ्या सासूबाईंनी, मोतीबाईंनी, हातगाडीवर जाऊ दिली नव्हती, ती म्हणजे पाळणा. सागवानी, चार कोपऱ्यांना चार पोपट. या घरातलं प्रत्येक बाळ बारशाला त्याच पाळण्यात घालतात. त्याआधी त्याला नाव नाही आणि एकदा घरात आलं की नाव होईपर्यंत त्याला बाहेर न्यायचं नाही. सासूबाई दर दिवाळीला त्याला खोबरेल तेलाचा बोळा फिरवत. पोपटांच्या डोक्यांवर तर अशी चकाकी होती की माझी लेक मांडीवरून त्यांच्याकडे टक लावून बघायची. तिची नजर अजून कशावरही ठरत नव्हती, फक्त त्या पोपटांवर ठरायची.

आता भूपेशभाईंचीही ठरली. काउंटरच्या वर हा पाळणा, पाळण्यात इंपोर्टेड बाटल्या निजवलेल्या, खालून मंद लाइट.

“माजी नात निजंल त्याच्यान,” सासूबाई म्हणाल्या. “बाटल्या तुज्या घरी निजव.”

बोलणं बरंच झालं. शेवटी असं ठरलं की हुबेहूब नक्कल करायची. मापासाठी पाळणा दोन दिवस वर्कशॉपला जाईल, बारशाच्या आधी घरी परत येईल, आणि बारमध्ये नक्कल लागेल. सासूबाईंनी पाळणा टेम्पोत चढवताना पोपटांना फडकं गुंडाळलं आणि ड्रायव्हरला खड्डे चुकवायला सांगितलं. रस्ता कल्याण-बदलापूरचा असल्यामुळे ड्रायव्हर नुसता हसला.

ठरल्या दिवशी पाळणा परत आला. सासूबाईंनी फडकं सोडलं, हात फिरवला, कडेवरून पुन्हा हात फिरवला.

“ह्यो माजा पालना नाय,” त्या म्हणाल्या. “माज्या पालन्याला कल्पेशचे दात हायत.”

कल्पेशला दात येत होते तेव्हा त्याने पाळण्यात उभं राहून कड कुरतडली होती. तो जेवढा कुरतडे तेवढं सासूबाई तिथे तेल लावत, त्यामुळे त्या खुणासुद्धा चकाकत. या पाळण्याची कड सरळ होती.

आम्ही बारकडे निघालो. बाळाला घरीच नूतनताईंकडे ठेवलं. बारमध्ये काउंटरवर पाळणा टांगून झाला होता आणि तो भयंकर म्हातारा दिसत होता. कारागिराची चूक म्हणावी तर चूक नव्हती. त्याला सांगितलं होतं, नव्या पाळण्याला साखळीने ठोक, ॲसिड लाव, वाळवीची भोकं पाड, आणि जुन्याला हात लावू नकोस. त्याच्यासमोर दोन पाळणे होते. एक चकचकीत, एक सरसाने आणि भुशाने मळलेला. चकचकीत होता त्याला त्याने नवा समजून ठोकला. मळका होता त्याला जुना समजून आदराने पुसला, पॉलिश मारलं आणि आमच्या घरी पाठवला.

एका पोपटाची चोच गेली होती.  सासूबाईंनी पदर ओला केला आणि ॲसिडच्या डागावर घासत राहिल्या.

भूपेशभाई मात्र फार खूश होते. “हे बघा, ही कड,” त्यांनी कल्पेशला जवळ बोलावलं, “उंदराने खाल्ल्यासारखी वाटते ना? काय कारीगर आहे आपला.”

कल्पेशने कडेवर बोट ठेवलं. “हे माझे दात आहेत.”

“अरे साईं, मग प्रॉब्लेम काय आहे? डबल ओरिजिनल झालं.”

“पाळणा आधीच जुना होता.”

“जुना होता, पण दिसत नव्हता. पब्लिक असण्याचे पैसे देत नाही, दिसण्याचे देते.”

पाळणा काढून द्या म्हटलं, तर तो छताच्या गर्डरला साखळ्यांनी वेल्ड केलेला निघाला. कापायचा तर सगळं छत उतरणार, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उद्घाटन. त्याच दिवशी बारसंही होतं. नकली पाळण्यात नातीला घालणार नाही, यावर सासूबाई ठाम. त्या पाळण्यात घातल्याशिवाय बाळाला नाव नाही, यावर सगळे ठाम. नाव नाही तर जन्मदाखला नाही, जन्मदाखला नाही तर आधार नाही, आधार नाही तर नर्सरी नाही. हा सगळा विचार करून सासऱ्यांनी निर्णय दिला. पाळणा घरी येऊ शकत नाही, तर घर पाळण्याकडे जाईल. दुपारी बारसं, संध्याकाळी उद्घाटन. नाव नसताना बाळ घराबाहेर जात नाही, हा मुद्दा नूतनताईंनी काढला. सासरे म्हणाले, त्या जागेचं नाव आजीचं माजघर आहे, म्हणजे ते घरच झालं.

अशा रीतीने माझी लेक घरातून पहिल्यांदा जिथे गेली त्याच्या दारावर ‘पंचवीस वर्षांखालील व्यक्तींस मद्य मिळणार नाही’ अशी पाटी होती. मी तिच्या कानांवरून टोपडं ओढून घेतलं. कशासाठी ते मला सांगता येणार नाही.

दुपारच्या बारशाला पाहुणे दुपारी येत नाहीत. कल्पेशच्या मांजर्लीच्या आत्या आल्या तेव्हा पाच वाजून गेले होते, आणि उद्घाटनाचे पाहुणे फुकट असल्यामुळे अर्धा तास आधी आले. बाटल्या काउंटरवर उतरवून पाळण्यात आजीच्या लुगड्याची घडी घातली होती. बायका पाळण्याभोवती उभ्या राहून गात होत्या, बाळ एका हातातून दुसऱ्या हातात खालून-वरून जात होतं आणि मागे लोक मोबाइल वर धरून उभे होते. त्यांना वाटलं, हा थीमचाच भाग आहे. एकाने विचारलं, हे रोज असतं का. नूतनताईंनी बाळाच्या कानात कुर्र करून ‘माया’ असं नाव सांगितलं, बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले, आणि सगळ्या बारने टाळ्या वाजवल्या. कोणीतरी ‘वन्स मोअर’ म्हणालं.

त्याच वेळी दारूबंदी-उत्पादन शुल्क खात्याचे साहेब आले. उद्घाटनाला त्यांना रीतसर बोलावलं होतं. त्यांनी पाळण्यात बघितलं. मायाने जांभई दिली.

“वय काय?” साहेबांनी विचारलं.

“बारा दिवस,” सासरे म्हणाले.

परमिट रूममध्ये अल्पवयीन व्यक्ती आढळली तर लायसन्सला धोका होता. नूतनताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या वयाचं लायसन्स होतं ते. साहेब सज्जन होते. त्यांनी दोन सुक्या पापडांइतका वेळ विचार केला.

“बाळ गिऱ्हाईक असेल तर गुन्हा आहे,” ते म्हणाले. “नोकर असेल तर त्याहून मोठा गुन्हा आहे. पण सजावटीचा भाग असेल, तर सजावट आमच्या अखत्यारीत येत नाही.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मायाकडे बघितलं. ती चोच मोडलेल्या पोपटाकडे बघत होती, तशीच, टक लावून. मी काही बोलले नाही, ती संमती धरली गेली, आणि साहेबांनी कागदावर लिहिलं: पाळणा, जुना, एक. बाळ, सजावट, नग एक. नाव पडून माझ्या लेकीला दहा मिनिटंही झाली नव्हती.

आता दर शनिवारी ‘लाइव्ह बारसं’ असतं. पाळण्यात बाहुली असते, ठरल्या वेळी ती स्पीकरवर रडते, आणि नाव ठेवायचा मान सर्वांत मोठं बिल करणाऱ्या टेबलाला मिळतो. बाहुलीला आजवर बरीच नावं पडली आहेत, काही मला इथे सांगता येणार नाहीत. बदलापूरच्या दोन बारमध्ये आता भूपेशभाईंचेच पाळणे लागलेत, आमच्यापेक्षा जुने. आमचा त्यांच्यापुढे अगदीच नवा दिसतो.

पाळणा अजून उतरलेला नाही. म्हणून मी रोज दुपारी, बार उघडण्याआधी, मायाला घेऊन तिथे जाते. सासूबाई तेलाचा बोळा घेऊन येतात. त्या एक भोक मेणाने बुजवतात, भूपेशभाईंचा माणूस संध्याकाळी ते मोकळं करतो. माया लगेच निजते. मी झोका देत वर बघत राहते, कारण तिथे वाचायला दुसरं काही नाही, फक्त हंड्यांवरची नावं आहेत.

परवा लवकर आलेल्या एका मुलानेही वर बघितलं. आकाश त्याचं नाव. ‘गयाबाई शिवराम’ असलेल्या हंड्याखाली तो जरा वेळ उभा राहिला. मग त्याने बहिणीला फोन लावला. “अस्मिता, अगं आपल्या आजीचा हंडा,” तो म्हणाला. “तो भंगारात दिलेला. काय भारी दिसतोय इथे.” मग त्याने हंड्यासोबत फोटो काढला, बायकोसाठी टेबल बुक केलं, आणि जाताना मला विचारलं, असा हंडा घरी लावायचा तर कुठे मिळेल.

मी भूपेशभाईंचं कार्ड दिलं. माझ्याकडे ती बरीच असतात.

शनिवारी तुम्हीही याल तेव्हा सावकाश या, मायाच्या दुपारच्या झोपेनंतर. डावीकडून तिसऱ्या हंड्याखालचं टेबल तुमच्यासाठी ठेवलं आहे. फोटो काढायच्या आधी तेवढा हंड्याचा गळा वाचा. तुमच्या आईचं नाव आम्ही मुद्दाम पुढच्या बाजूला वळवून टांगलंय.