गुणाकार चुकणाऱ्या चिपा

आमचे शेजारी मनोहरभाऊ नवीन माणूस भेटला की पाच मिनिटांत त्याच्यावर ठप्पा मारून मोकळे होतात. ठप्पे दोनच. 'पक्का बत्तीस बिट' आणि 'फक्त सोळा बिट'. माझ्या पुतणीला पाहायला मुलाकडचे आले, तेव्हा हे गृहस्थ न बोलावता पोहे खायला हजर. मुलाला विचारतात काय, "सतरा साते किती जी?" मुलगा बिचारा अडखळला. "सोळा बिट," यांनी जाहीर करून टाकलं, "पण चालते. घाबरू नका." मी कपाळाला हात लावला.

हे बिटपुराण मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही सांगेन. नागपूरच्या सदर भागात यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तेव्हा बत्तीस बिटचे पहिले प्रोसेसर आले, म्हणजे मोठाले आकडे एका दमात हाताळणारे. त्यातल्या काही चिपा मोठा गुणाकार मधूनच चुकायच्या. जुन्या, सोळा बिटच्या प्रोग्रामांना मात्र काही अडचण नाही.

"मंग कंपनीनं काय केलं असन, काकू?"

"फेकून दिल्या?" असं आपण म्हणायचं, नाहीतर गोष्ट पुढे सरकत नाही.

"नाही नं! फक्त सोळा बिटसाठी, असा ठप्पा मारला आन् इकल्या. माह्या हातानं बसवल्या मी. मस्त चालल्या!"

मशीन अटकलं की दोष चिपचा, नागपूरच्या उन्हाचा की गिऱ्हाइकाचा, हे ठरवण्यात त्यांची जवानी गेली. दुकान कधीच बंद झालं, पण तपासणी चालूच. मला म्हणतात, "तुम्ही पक्क्या बत्तीस बिट. फक्त लवकर गरम होता." होणारच! गुडघे दुखतात, नळ येत नाही, आणि वर हे.

ठप्पा नव्हता तो एकट्या बबनवर. बबन त्यांचा धाकटा भाऊ. वय पन्नाशीचं, समज लहान पोराची. गल्लीतल्या कूलरांमध्ये पाइपनं पाणी भरतो आणि निम्मं रस्त्यावर सांडतो. एकदा मी गमतीत विचारलं, "याच्यावर कोणता ठप्पा हो?" मनोहरभाऊ चहा तसाच ठेवून उठले. पुढे बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

यंदा मे महिन्यात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. त्यांच्या रायपूरच्या बहिणीनं फोनवरच सांगितलं, बबनला आश्रमात ठेव. मनोहरभाऊ माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"तिथं एकदा टाकला, आन् मले काही झालं, तं वापस कोण आणन त्याले?"

खरं सांगते, मला हे लचांड नको होतं. या वयात माझंच मला होत नाही. पण त्यांचं तोंड पाहून नाही म्हणवेना. "राहू द्या माझ्याकडे," म्हटलं.

"एकच करा. जेवताना त्याच्या बाजूले बसा. एकटा जेवत नाही तो. म्हणून तं मी कधी कुठं गेलो नाही. लग्नाच्या पंगतीले पण नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दवाखान्यात भरती झाले. दुपारी मी बबनला वाढलं आणि दुखरे गुडघे दुमडून बाजूला बसले. त्यानं वरणभात चाटूनपुसून खाल्ला आणि ताट स्वतः धुऊन ठेवलं.

"मी बसले म्हणून जेवलास ना रे?"

"मले नाही लागत कोणी," बबन म्हणाला. "भाऊले लागते. मी उठलो का भाऊ ताट सारून देते. आता तिथं कोण बसलं असन वं, काकू?"

मला एकदम रडूच आलं. इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहिले, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. "ऊठ गा," म्हटलं, "चप्पल घाल."

ऑटोवाला म्हणेल तेवढे पैसे कबूल करून आम्ही भर उन्हात निघालो. वॉर्डात मनोहरभाऊ भिंतीकडे तोंड करून बसले होते. समोरच्या ताटातल्या पोळ्या वाळून गेल्या होत्या.

"काहून आला गा इतक्या उन्हात?" ते बबनवर खेकसले. "आन् काकू, तुम्हाले तरी समजाले पाह्यजे!"

बबन खाटेवर त्यांच्या बाजूला बसला. मनोहरभाऊंनी ताट जवळ ओढलं.