मुक्कामी हाय का?

आमचे दामूअण्णा रोज सकाळी लॅपटॉपसमोर बसतात, घोटभर पाणी पितात आणि भीत भीत मला म्हणतात, "मेल उघड. बग रं, आज कोन गेलं?"

घाबरू नका. माणूस नव्हे, सोय गेलेली असते. भोरात पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत आम्ही दोघं डेअऱ्यांसाठी, दुकानदारांसाठी ॲप बनवतो. मोठ्या कंपन्या ॲपात जोडायची एखादी नवी सोय वाजतगाजत आणतात. आम्ही ती शिकतो न शिकतो तोच मेल येतो, अमुक सोय बंद होत आहे, आभारी आहोत. अण्णा कपाळाला हात लावतात. "बारशाच्या घुगऱ्या तोंडात हायत, तवर दहाव्याचा सांगावा!"

त्यामुळं नवं काही दाखवलं की त्यांचा एकच प्रश्न, "मुक्कामी हाय का?" अण्णा हिर्डोशीकडच्या वाडीतले. तिकडं एसटी दोनच प्रकारची. रात्री गावात थांबते ती मुक्कामी, बाकीच्या तोंड दाखवून माघारी. अण्णांनी अख्खं सॉफ्टवेअर ह्या दोन गाड्यांत बसवलंय. मला तर ह्या भित्रेपणाचा लई वैताग यायचा.

तरी अण्णा एकदा फसलेच. मोबाईल मराठीत बोलेल अशी सोय आली. अण्णांची आई वाडीत एकटी. वाचता येत नाही, गुडघे गेलेले. फाट्यापर्यंत रखडत यायची आणि नेमकी गाडी रद्द! अण्णांनी तिच्यासाठी ॲप केलं. भोरहून निघताना ओळखीच्या कंडक्टरनं बटण दाबायचं. तिकडं आईनं दाबलं की मोबाईल सांगणार, गाडी सुटली का नाही.

आठ दिवस झकास चाललं. नवव्या दिवशी मेल आला, महिनाअखेर बंद.

अण्णा पांढरेफटक पडले. "म्हातारी उनात बसंल की रं फाट्यावर!" डबा तसाच राहिला. शेवटी मी चिडून म्हटलं, "अण्णा, तुमचाच आवाज भरा की त्यात!" नव्याच्या नादात हे दोघांनाही सुचलं नव्हतं. गिरणी बंद झाल्यावर अण्णा लाजत लाजत बोलले, "आई, गाडी सुटली. काठी घे, सावकाश ये." आणि दुसरं, "आई, आज गाडी न्हाई. घरातच ऱ्हा."

आईनं बटण दाबलं की आमच्या पडद्यावर दिसतं. परवा अण्णा हादरलेच. "सकाळधरनं सारखं दाबतीया! बिगडलं जनू ह्ये बी." लगेच फोन लावला.

"आई, कुठं निघालीस?"

"कुटं न्हाई रं."

"मग बटन कशापायी दाबतीस?"

"त्यात तू आई म्हनतोस न्हवं. एरवी फोन करायला तुला सवड कुटं आसती?"

अण्णांनी फोन ठेवला. लॅपटॉप मिटला, पिशवी उचलली. डेअरीचं काम तसंच पडलं होतं. संध्याकाळी मीच त्यांना स्टँडवर सोडलं. गाडी मुक्कामी होती. कंडक्टरचा मोबाईल मागून घेऊन सुटल्याचं बटण अण्णांनी स्वतः दाबलं. मग खिडकीतून डोकं काढून मला म्हणाले,

"दोन दिस मेल तूच बग. आन कोनी बी जाऊ दे, मला सांगू नगंस."