कार्डांचा खोका पाटावर

सरस्वतीपूजनाला घरातली पुस्तकं मांडताना अनुसूयाबाईंनी मुलाचा भोकं पाडलेल्या कार्डांचा खोकाही पाटावर ठेवला आणि वर हळदकुंकू वाहिलं. नरसिंहराव आंघोळीहून आले ते ओरडतच.

"आई! अगं, त्यात माझा कम्पायलर आहे!"

"विद्याच ना? मग आता दसऱ्याला उचलायचं. तोवर वाचायचं नाही."

"मी नाही वाचत, यंत्र वाचतं."

"मग त्याला येऊ दे इथं."

यशवंतपूरच्या प्रयोगशाळेतलं ते यंत्र इथं कसलं येतंय, ते तिथूनही परत पाठवलं जायच्या बेतात होतं! माणसांनी मांडलेली गणितं यंत्राच्या बोलीत उतरवणारा कम्पायलर परदेशी कंपनीकडे होता, पण तो ज्या यंत्रांवर चाले, त्यांच्या यादीत हे यंत्रच नव्हतं. म्हणून नरसिंहराव तीन वर्षं स्वतःच एक रचत होते. त्यातून यंत्राला गुणाकार येईना, सगळं बेरजेवर भागवायचं. आणि मधूनच ते बेरीज करत सुटे ते थांबतच नसे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दिल्लीचे साहेब बघायला येणार होते. चाललं नाही, तर यंत्र पेटीत आणि तीन वर्षं पाण्यात.

पण चाळिशीच्या माणसाने आईच्या पूजेतून खोका चोरायचा तरी कसा? बिचारे समोर बसून राहिले.

नवमीला अनुसूयाबाई लाडू वळायला बसल्या. "तोंड पाडून बसू नकोस. काय करतं रे तुझं यंत्र?"

"समज, पाच माणसं, दर माणशी दोन लाडू. यंत्र पानात दोन वाढतं, एक माणूस कमी करतं. पुन्हा दोन. शून्य माणसं उरली की थांबतं."

"सरी, कळलं. आणि कुणी आलंच नाही तर?"

"नाही आलं तर..." नरसिंहराव ताडकन उठले. माणूसच नसताना यंत्र दोन लाडू वाढून एक माणूस वजा करत होतं, आणि मग शून्याच्या खाली उतरून शून्याची वाट बघत जन्मभर वाढतच राहत होतं! अरे देवा, एवढंच?

दसऱ्याला खोका हातात आला, तीन कार्डं बदलली. दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर यंत्र शहाण्यासारखं चाललं आणि शहाण्यासारखं थांबलंही. नरसिंहराव धावत घरी आले आणि त्यांनी आईचे पाय धरले.

"आई, तू विचारलंस म्हणून यंत्र राहिलं गं!"

"मी कुठं यंत्राचं विचारलं?" अनुसूयाबाई म्हणाल्या. "तीन वर्षं दसऱ्याला आपल्याकडे कुणी फिरकत नाही. तू कुणाला ये म्हणतोस का? लाडू वळणं थांबवू का, एवढंच विचारत होते रे."

शेजारी रघुपती नावाचे कुणी राहतात, एवढं नरसिंहरावांना ऐकून माहीत होतं. त्यांनी चपला घातल्या आणि जाऊन ते दार वाजवलं.